डोक्याच्या शाळेत दहा शुक्रवार

साल दोन हजार चोवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. हे वय दाखल्यावरचं. आई सांगायची त्याप्रमाणे आणखी एक वर्ष धरायला हरकत नाही. शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही सलग नाही. तेव्हा लिहिताना ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर चुकलं. खोटं मात्र लिहिणार नाही.

त्या थंडीत माझ्या हातून पेज जळली. सकाळी टोप गॅसवर ठेवला आणि डोक्यात आलं, पाणी भरत आलं असणार. पंचा खांद्यावर टाकला आणि उघाडीवर गेलो. परत येतो तर अंगणात माणसं आणि दारातून धूर. टोप काळाठिक्कर. समोर राहणाऱ्या वहिनीने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने, धूर बघून आत शिरून गॅस बंद केला होता. ती ऐंशीच्या घरातली. पदर नाकाला लावून ती ओट्यावर बसली होती आणि मला बघून म्हणाली, "या भावोजी. घराची होळी तुमी पेटवून गेलात, आता फकस्त नारळ टाका."

उघाडी म्हणजे काय ते सांगतो. आमची भातशेती खाडीच्या काठाला. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध आणि त्या बांधाला पाण्याचं दार, ती उघाडी. ओहोटीला दार उघडून आतलं पाणी जाऊ द्यायचं, भरती यायच्या आत मिटून घ्यायचं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीतून भाताची आशा सोडायची. हे दार मी बत्तीस वर्षं सांभाळलं. गावाने मला ते काम दिलं कारण मी तिथीवरून पाणी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा. त्याला घड्याळ लागत नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकदाही पाणी आत आलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला वेंधळा म्हातारा समजायला नको.

चार वर्षांमागे तिथे लोखंडी दारं बसली. भरतीचा रेटा आला की ती आपोआप मिटतात. माझं काम संपलं. पण मी जात राहिलो. लोखंडाने दार मिटलं की नाही हे कुणीतरी बघायला नको का?

पेजेची बातमी वहिनीने त्याच दिवशी फोनवरून पनवेलला पोचवली. तिथे माझा मुलगा राहतो. न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. गुणी आहे, हेही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आला, जळलेला टोप हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "बाबा, आता बास. कपडे भरा."

"कुठे?"

"घरी."

"मी घरीच हाय."

"बाबा, मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडलात. त्याच्या आधी एकदा पडलात. आता हे. उद्या तुम्हाला काही झालं तर गाव मला विचारील, तू कुठे होतास?"

"गावाला सांग, कामावर होतो. पगार काय गाव देतो?"

त्याने डोक्याला हात लावला. बायको गेल्यापासून सहा वर्षं मी या घरात एकटा राहतोय. भात, आमटी, भाकरी सगळं हाताने करतो. पनवेलला एकदा आठ दिवस राहून आलो. सून चांगली, नातवंडं चांगली. पण सकाळी चहा करायला उठलो तर सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा." भांडी विसळायला गेलो, "बाबा, तुम्ही बसा." खाली जाऊन दूध आणतो म्हटलं, "बाबा, लिफ्टचं तुम्हाला जमायचं नाही, तुम्ही बसा." आठ दिवस मी बसलो. नवव्या दिवशी उठताना गुडघे कुरकुरले तेव्हा समजलो, इथे सहा महिने काढले तर पाय आणि डोकं दोन्ही यांच्याच सोफ्यात राहतील.

तेव्हा मी सांगितलं, नाही येणार. तो म्हणाला, उचलून नेईन. मी म्हटलं, उचलून बघ. असं दोन तास चाललं. शेवटी वहिनीच मध्ये पडली. गावातल्या शाळेच्या जुन्या खोलीत दर शुक्रवारी एक ताई येणार होती. म्हाताऱ्या माणसांची आठवण, लक्ष, रोजची कामं, यांचा सराव घेणारी. दहा शुक्रवार. वहिनीने आपलं नाव आधीच दिलं होतं.

"ह्यांना पन घाला त्या डोक्याच्या शाळंत," ती मुलाला म्हणाली. "ती बाय शिकलेली हाय. ती सांगंल ह्यांना एकटं ठेवायचं का न्हाय."

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "कबूल? दहा आठवडे. त्या ताई शेवटी म्हणाल्या की तुम्ही एकटे राहू शकता, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणाल्या, तर त्याच दिवशी गाडीत बसायचं."

"कबूल."

तिसरीत सोडलेल्या शाळेत मी असा पंचाहत्तरी उलटल्यावर परत गेलो.

पहिल्या शुक्रवारी आम्ही अकराजण होतो. ताई माझ्या नातीच्या वयाची. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला मोठी पिशवी. एकेकाला बाजूला घेऊन ती प्रश्न विचारत होती आणि कागदावर खुणा करत होती. माझी पाळी आली.

"आजोबा, आज तारीख काय?"

"आजोबा म्हणू नको. काका म्हण."

"बरं काका, तारीख?"

"मार्गशीर्ष वद्य नवमी."

"इंग्रजी तारीख?"

"ती मला लागत न्हाय."

तिने कागदावर फुली मारली. ती मी उलट्या बाजूने बघितली. "घड्याळ न बघता सांगा, साधारण किती वाजले असतील?"

"आज पावणेसातला भरती झाली. आता पाणी पाऊण उतरलंय. ओहोटी पुरी व्हायला दोन तास धर. म्हंजे अकरा वाजून गेले."

तिने मनगटावर बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती हसली, पण मग पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि पुन्हा ते पाच शब्द विचारले. मला दोनच आठवले. साबण आणि खुर्ची. उरलेले तीन कुठे गेले ते देवाला ठाऊक. पलीकडे वहिनी कान टवकारून बसलेली. ती चार शब्द सांगून आली होती.

घरी जाताना म्हणते, "भावोजी, खुर्ची आठवली ना? मग बसा तिच्यावर."

मी त्या दिवशी जेवलो नाही नीट. बत्तीस वर्षं गावाचं पाणी डोक्यात ठेवलेला माणूस, आणि तीन शब्द जातात कुठे?

दुसऱ्या शुक्रवारपासून काम सुरू झालं. कधी ताटात दहा वस्तू मांडून वर फडकं टाकायचं आणि कुठली काढून घेतली ते ओळखायचं. कधी खोलीत चालता चालता भाज्यांची नावं घ्यायची, थांबायचं नाही. ते फार अवघड. पडवळ म्हणेपर्यंत पाय थांबायचे. कधी शंभरातून सात-सात वजा करत जायचं. त्यात मी पहिला यायचो. पाऊणपटीची सवय असलेल्याला सात वजा करणं म्हणजे काहीच नाही. ते मी दोनदा सांगितलं तर ताई म्हणाली, "काका, एकदा सांगितलेलं मला आठवतं."

सगळे हसले. मीही हसलो.

चौथ्या शुक्रवारी तिने शब्द लक्षात ठेवायची युक्ती शिकवली. म्हणाली, डोळे मिटून दिसेल अशी तुमच्या ओळखीची एक वाट घ्या. त्या वाटेवर एकेक शब्द मांडत जा. मग आठवताना त्याच वाटेने चालायचं आणि ठेवलेलं उचलत यायचं. वहिनीने आपली स्वयंपाकघरातली मांडणी घेतली. मी बांध घेतला.

बांध मला डोळे मिटून दिसतो कसला, पायाला लागतो. पहिला शब्द कुलूप. ते उघाडीच्या खुंटाला अडकवलं. मांजर खारफुटीतल्या चिपीच्या मुळांत बसवली. छत्री खेकड्याच्या बिळात खोचली. साखर आली तेव्हा मोठी अडचण. पाण्याच्या कडेला ठेवली तर विरघळणार. म्हणून ती पार वरच्या दगडावर नेऊन ठेवली, जिथे अमावास्येचं पाणीही पोचत नाही. असे बारा शब्द मांडले. ताईने विचारलं तेव्हा उघाडीपासून चालायला लागलो आणि बाराच्या बारा उचलून आणले. मग म्हटलं, "आता उलट सांगू?" उलट पण सांगितले. येताना आलो तसाच जाताना गेलो, त्यात काय.

वहिनीचे नऊ झाले होते. तिने मोहरीच्या डब्यामागे ठेवलेला पतंग तिला सापडला नव्हता.

"वहिनी," मी म्हटलं, "मांडणी आवरा जरा."

त्या आठवड्यात मी गावभर ताठ मानेने फिरलो. मुलाला फोन करून बारा शब्द ऐकवले. तो म्हणाला, "छान बाबा. आज गोळी घेतलीत?" असा राग आला.

पण ताईही तेच म्हणाली, फक्त गोड शब्दांत. "काका, शब्द आठवायला लागले याचा मला आनंद आहे. पण शब्द आठवले म्हणून पेज जळायची थांबत नाही. जे काम चुकतं, त्याच कामाचा सराव करायला लागतो. आता मला तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून."

पाचव्या शुक्रवारी वर्ग संपल्यावर ती माझ्या घरी आली. मी दिवस सांगितला. तिने गोळ्यांचं पाकीट मागितलं. रक्तदाबाची गोळी, रोज सकाळी एक. तिने रिकामी पाकिटं मोजली, कागदावर काहीतरी मांडलं आणि म्हणाली, "काका, महिन्याच्या गोळ्या तुमच्या चार दिवस आधी संपतात. दर महिन्याला. गोळी कधी घेता?"

"सांगितलं ना. उघाडीवर निघताना."

"सकाळी?"

"सकाळी कशी? पानी कवा रोज सकाळी येतं?"

आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं. बायको होती तेव्हा मी उघाडीवर निघालो की ती दारात येऊन गोळी हातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढे करायची. गोळी म्हणजे उघाडीवर जाणं, हे माझ्या अंगात बसलं होतं. पण दिवसाला एकच गोळी द्यायची हा हिशेब तिच्याकडे होता. ती गेली आणि मी निघताना गोळी घेत राहिलो. एरवी उजेडात एकच भरती सापडते. पण अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला एक आणि संध्याकाळी सहाला एक, अशा दोन सापडतात. त्या दिवशी मी दोनदा उघाडीवर जायचो आणि दोन गोळ्या पोटात टाकायचो. महिन्यात दोन अष्टम्या, प्रत्येकीला असे दोन दिवस. म्हणजे चार दिवस.

"तुम्ही पडलात तेव्हा तिथी काय होती?" ताईने विचारलं.

मला आठवत होती. दोन्ही वेळची. तिथी मी विसरत नाही. एकदा वद्य अष्टमी, एकदा शुद्ध नवमी.

ती म्हणाली, "तुमचं डोकं तिथे चुकलं नाही काका. ते पाण्याप्रमाणे बरोबर चाललं होतं. गोळी मात्र सूर्याप्रमाणे घ्यायची असते."

तिने सांगितलं, तसंच दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगून आलो. त्यांनी रक्तदाब तपासला, गोळी तीच ठेवली, वेळ बांधून दिली. मग मी गोळीचा डबा मशेरीच्या डबीशेजारी ठेवला. दात मी दिवसातून एकदाच घासतो, उजाडताना. मुलाने सात कप्प्यांचा डबा आणून दिला, वारांचा. कप्पा रिकामा दिसला की हात मागे.

पेजेचाही बंदोबस्त तिने सांगितला. गॅस चालू असताना स्वयंपाकघरातून निघायचंच असेल तर पळी हातात घेऊन निघायचं. हातात पळी दिसली की आठवण होते. मी आधी ऐकलं नाही. पुरुषमाणसाने पळी घेऊन अंगणात फिरायचं? पण मग एकदा फिरलो. आमटी शिजत होती, दारात कुणाशी बोलत उभा राहिलो आणि बोलता बोलता बांधाच्या दिशेने चालायला लागलो. शंभर पावलं गेल्यावर हातात पळी. तसाच मागे फिरलो. समोरून वहिनी बघत होती.

"भावोजी, कुनाला वाढायला चाललात?"

"तुमाला. ताट घेऊन या."

आमटी करपली नव्हती. आता माझ्याबरोबर गावातले आणखी दोन म्हातारे पळी घेऊन फिरतात, आणि कुणी हसत नाही.

सगळं असं जमत आलं असताना सातव्या आठवड्यात ते झालं. चष्म्याची काडी तुटली म्हणून मी माणगावला गेलो. एसटीने एकटाच गेलो, काम केलं, परतीच्या गाडीला बसलो. खिडकीची जागा मिळाली. शुक्रवारी ताई वीस शब्द घेणार होती, म्हणून डोळे मिटून सराव करत बसलो. बांधावर शब्द मांडत चाललो होतो. गाडी थांबली, माणसं उतरली, मीही उतरलो. गाडी निघून गेली आणि बघतो तर तो फाटा माझा नव्हे.

एवढ्यापर्यंत ठीक. चुकीच्या फाट्यावर कुणीही उतरतं. पण मला तो फाटा कुठला, हेच कळेना. या रस्त्यावरून मी साठ वर्षं गेलोय. वडाचं झाड बघितलं, मोरी बघितली, बंद असलेली टपरी बघितली. एकाचीही ओळख लागेना. गाव कुठल्या हाताला, तेही कळेना. दोन बायका मोळ्या घेऊन गेल्या. त्यांना विचारलं असतं तर काम होतं. पण मी विचारणार? काय विचारू? मी कुठे आहे म्हणून? मोरीच्या कठड्यावर बसलो आणि चपलेचा अंगठा नीट करत असल्याचं सोंग केलं. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. मग एकदम सगळं जागेवर आलं. आमच्या फाट्याच्या दोन फाटे आधीचं ठिकाण. तिथून चालत घरी गेलो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी वीसपैकी अठरा शब्द सांगितले. ताईने टाळ्या वाजवायला लावल्या. मी खाली मान घालून बसलो तर वहिनीला वाटलं, लाजतोय.

दहा शुक्रवार झाले. शेवटची परीक्षा ताईने माझ्या घरी घ्यायची ठरवली, रविवारी, मुलाच्या समोर. तो सकाळीच आला. दोघं ओसरीवर बसले आणि मी माझी कामं केली. गोळीचा कप्पा दाखवला. पेज केली, मध्येच ताईने मुद्दाम बाहेरून हाक मारली, मी पळी घेऊन बाहेर आलो. दुकानातून सात जिन्नस कागद न घेता आणले. मुलाला त्याच्या समोर बसून फोन लावून दाखवला. कुणी फोनवर बँकेतून बोलतोय म्हणून आकडा मागितला तर काय करायचं, तेही सांगितलं. ठेवून द्यायचा, आणि आधी दोन शब्द ऐकवायचे. ते दोन शब्द ऐकवू का विचारलं तर ताई म्हणाली, नको.

दुपारी चौघं जेवायला बसलो. वहिनीही आली होती. भात मी केला होता, वालाचं बिरडं मी केलं होतं. मुलाने दोनदा भात घेतला. हात धुऊन तो म्हणाला, "ताई, आता तुम्ही सांगा."

ताईने कागद काढले. पहिल्या दिवसाचे आणि आजचे. ती म्हणाली, "माझ्याकडून हो आहे. काका एकटे राहू शकतात."

मुलगा माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर भीती आणि हसू दोन्ही होतं, आणि मला तो लहानपणी पोहायला शिकला तो दिवस आठवला. "बाबा, हरलो मी," तो म्हणाला. "शब्द दिलाय. पुन्हा तोंड उघडणार नाही."

इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं झालं होतं. बसवेना. बत्तीस वर्षं उघाडी सांभाळली ती दाराला कुठे फट पडली तर ती सांगून. एकदा रात्रभर पाऊस पडल्यावर मीच ओरडत गावात गेलो होतो, माझ्या बाजूचा बांध खचतोय म्हणून. लपवली असती तर शेतं गेली असती. आता माझीच फट लपवून मी या घरात राहणार? तसं राहिलो असतो तर रोज चोरासारखा राहिलो असतो.

"थांबा," मी म्हटलं. "एक गोष्ट राहिली." आणि फाट्याचं सगळं सांगितलं. मोरीवर बसलो ते, चपलेचं सोंग केलं तेही.

वहिनीने कपाळाला हात लावला. "कशाला बोललात? पास झालेलात ना?"

मुलगा उठून अंगणात गेला. पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, आता गाडीची चावी काढतो. परत आला तेव्हा आवाज बदलला होता. "ताई, याचं काय?"

ताई कागद बाजूला ठेवून म्हणाली, "हे पुन्हा होणार नाही असं मी सांगू शकत नाही. डॉक्टरांना हे सांगायला हवं, या आठवड्यात. कुणाचंही डोकं या वयात मागे जाऊन तरुण होत नाही. पण त्या दिवशी काकांची चूक मला दुसरीच दिसते. वाट विसरले ती नाही. विचारलं नाही, ती."

"विचारायचं काय त्यात," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय. काका, एकटं राहणं म्हणजे कुणालाही न विचारणं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? तुम्ही बत्तीस वर्षं गावाला पाण्याची वेळ सांगितलीत. लोक तुम्हाला विचारायचे. ते काय तुमच्यापुढे लहान झाले?"

तिसरीपर्यंत शिकलेल्याला उत्तर नसलं की तो चिडतो, तसा मी थोडा चिडलो. पण ते बरोबर होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं."

"कळलं नसतं."

"आणि मी पुढच्या वेळी पेपरात वाचलं असतं, म्हातारा हरवला."

"व्हय."

त्याने धुराने काळ्या पडलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "राहा इथेच. सांगणारा माणूस आहे म्हणून राहा. लपवणारा असता तर उचलून नेला असता." वर म्हणाला, "पण मला एकदा बघायचंय. उद्या रजा काढतो. उद्या माणगावला जाऊन या. मी येणार नाही बरोबर. इथेच थांबतो."

"आमटी करायची तुला जमंल?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"मग पळी घेऊन बसू नको. मी पाठवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना दात घासले, सोमवारचा कप्पा रिकामा केला, धुतलेला शर्ट घातला आणि चालत फाट्यावर गेलो. मुलगा दारात उभा होता. मी मागे वळून बघितलं नाही. माणगावला डॉक्टरकडे याच आठवड्यातला नंबर लावला, बाजारात चहापाव खाल्ला. परतीची गाडी लागली तेव्हा खिडकीची जागा सोडली आणि कंडक्टरच्या पाठीमागच्या बाकावर बसलो. तिकीट काढताना आमच्या फाट्याचं नाव सांगितलं आणि मोठ्याने, आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं, "फाटा आला की मला हाक मार. मी कधीकधी विसरतो."

कंडक्टर म्हणाला, "मारतो बाबा, बसा निवांत."

डोळे मिटले नाहीत. शब्द मांडले नाहीत. रस्ता बघत बसलो. वड गेला, मोरी गेली, बंद टपरी गेली. आमच्या फाट्याला कंडक्टरने शिट्टी तोंडाला लावून मागे वळून बघितलं, तोपर्यंत मी दांडीला धरून दारात उभा होतो.